‘सी-व्ह्यू’चं बिल : एका रिसॉर्टमालकांना खुलं पत्र

श्री. रिसॉर्टमालक यांस,


पत्र असं उघड्यावर लिहितोय याचा राग मानू नये. तुमच्या गेटवरच्या वॉचमनकडे दोनदा बंद पाकीट दिलं होतं, दोन्ही वेळा ‘साहेब साइटवर आहेत’ एवढंच उत्तर मिळालं. तुमचं नाव इथे घालत नाही. वर हरिहरेश्वरापासून खाली काणकोणपर्यंत तुमच्यासारखे उद्योजक आता इतके झालेत, की ज्याला हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटेल त्याने खुशाल ते आपलं समजून ठेवून घ्यावं.

आधी आभार. आमची वाडी समुद्राकाठी आहे हे आम्ही जन्मापासून ऐकून होतो, पण घरात बसून समुद्र बघायची सोय नव्हती. मध्ये तो वाळूचा टेंब आडवा. पुळणीवर जायचं तर केवड्याच्या बनातून वाट काढत टेंब चढायचा, माथ्यावर दम खायचा, तेव्हा कुठे पलीकडचं निळं दिसायचं. रात्री अंथरुणात नुसती गाज ऐकू यायची. एवढा मोठा दर्या दाराशी असताना आमच्या पणजोबांना त्याच्याकडे पाठ करून घरं बांधायची बुद्धी का झाली, याचं तुम्हाला जमीन बघायला आलात तेव्हा मोठं नवल वाटलं होतं. ‘लोकांनी व्ह्यू फुकट घालवलाय,’ असं तुम्ही दलालाला म्हणालात ते मी कुंपणाशी उभा राहून ऐकलं. म्हाताऱ्यांचा हिशोब साधा होता : आपल्याला समुद्र दिसला की समुद्रालाही आपण दिसतो.

तुम्ही तो टेंब तीन दिवसांत काढलात. २०१९ चा चैत्र होता, दोन जेसीबी आणि पाच डंपर. मी रोज जाऊन बघत होतो; निवृत्त माणसाला दुसरं काम काय. तुम्ही तिथे नव्हतात म्हणून सांगतो, कापलेल्या अंगाने टेंब फार देखणा दिसत होता. पांढरट वाळूचा हातभर थर, मग काळ्या वाळूची बोटभर रेघ, मग शिंपल्यांचा चुरा, पुन्हा पांढरी वाळू. जुनी चोपडी कडेने बघावी तसं. वरच्या अंगाला मर्यादवेलीची मुळं सुतळीच्या लडीसारखी लोंबत होती. बकेट लागला की मुळं तुटायची आणि तेवढा भाग पीठ सांडल्यासारखा खाली यायचा. ड्रायव्हरने मला विचारलं, ‘काका, एवढं खणलं, यात दगड कसा नाही कुठे?’ म्हटलं, ‘हा वाऱ्याने आणून ठेवलाय रे.’ तो हसला. तासाच्या भाड्यावर काम करणाऱ्या माणसाला वाऱ्याने फुकटात एवढी भरणी केली हे पटायचं नाही.

ती वाळू तुम्ही वाया घालवली नाहीत, हेही मान्य करतो. काही जोत्याच्या भरणीत गेली, काही कंपाउंडच्या गिलाव्यात. खाऱ्या वाळूचा गिलावा कोणी करू नये हे आमच्या वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल, पण त्याला कोण विचारतो. आता तुमच्या त्या इटालियन रंगाच्या भिंतीवर दर पावसाळ्यानंतर लोणा फुलतो. आमच्याकडच्या बायका म्हणतात, टेंब भिंतीतून बाहेर यायला बघतोय.

मी ३१ वर्षं एका पतसंस्थेत कॅशियर होतो, तेव्हा टेंबाचा व्यवहार माझ्या भाषेत सांगतो. पुळण हे चालू खातं, टेंब ही मुदत ठेव. मृग लागून समुद्र खवळला की लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात. फारच जोर झाला तर टेंबाच्या पायथ्यालाही हात घालतात. ही वाळू बुडत नाही. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली तिचा वरंबा साचतो आणि मागून येणाऱ्या लाटा त्या वरंब्यावरच फुटतात. म्हणजे समुद्र आमच्याच ठेवीतून उचल करतो आणि त्याच उचलीने त्याचा मार आमच्या दारापासून लांब राहतो. नारळी पौर्णिमेनंतर लाटा हळूहळू नरमतात, वाळू काठाला परत लागते, उन्हाने सुकते, वारा ती उडवतो आणि मर्यादवेल ती अडवते. ही वेल पेरापेरावर मुळं सोडत पुढे सरकते. वाळू अंगावर पडली तर मरत नाही, वर चढते. तमिळ मुलखात ज्याला रावणाची मिशी म्हणतात ते टोकेरी गवतही हेच करतं. शिमग्यापर्यंत खातं बरंचसं पूर्ववत. व्याज नाही, वसुलीची नोटीस नाही. असे खातेदार मला नोकरीत चार भेटले असते तर मी वेळेवर घरी गेलो असतो.

रापणीच्या जाळ्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने हे सगळं तुमच्या सुपरवायझरला दोन वाक्यांत सांगितलं होतं : ‘दर्या व्हरता, दर्याच हाडून घालता. तुमी मधी कित्याक पडतास?’ सुपरवायझरला मालवणी कळत नव्हतं. त्याला वाटलं म्हातारा पैसे मागतोय. त्याने वीस रुपये काढून दिले.

तर तुम्ही मुदत ठेव मोडलीत. मोडायला हरकत नसते, फक्त ती आपल्या नावावर असावी लागते. सातबारा तुमच्या नावावर आहे, बघितलाय मी. पण सातबारा जमिनीचा. तिच्यावरची वाळू शेजारच्या दहा घरांच्या पुळणीवरून येते-जाते, ती काही तुमच्या फेरफाराची वाट बघत थांबत नाही.

तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टात टेंबाची किंमत काय धरली होती हेही मला ठाऊक आहे, कारण कर्जाच्या फायली वाचायची माझी खोड गेलेली नाही आणि तुमच्या दलालाला त्या चहाच्या टपरीवर उघड्या ठेवायची खोड आहे. ‘साइट लेव्हलिंग’ या नावाखाली, खर्चाच्या बाजूला, जेसीबीच्या तासांनुसार. म्हणजे टेंब ही अडगळ, ती काढायला पैसे पडले. जमेच्या बाजूला ‘सी-व्ह्यू रूम’, ‘गार्डन-व्ह्यू’पेक्षा रात्रीला दोन हजार रुपये जास्त. हिशोब चोख आहे. ज्याने आजवर कधी बिल पाठवलं नाही त्याची किंमत शून्य धरायची, ही पद्धत तुम्ही एकट्याने काढलेली नाही. पण टेंबाला लिहिता येत नसलं तरी त्याच्या शेजाऱ्याला येतं.

किंमत काढायची सोपी रीत अशी, की वस्तू गेल्यावर तिचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला काय पडतं ते बघावं. केरळात कोचीजवळ चेल्लानम म्हणून गाव आहे. पावसाळा आला की समुद्र लोकांच्या स्वयंपाकघरात यायचा. सरकारने तिथे टेट्रापॉडची भिंत घातली, पहिल्या टप्प्यात ७.३६ किलोमीटर, खर्च ३४४ कोटी रुपये. भागाकार करून बघा : मीटरला सुमारे ४ लाख ६७ हजार. तुमच्या कंपाउंडची समुद्राकडची बाजू ६० मीटर आहे (पावलांनी मोजली आहे, चूकभूल द्यावी घ्यावी). म्हणजे चैत्रातल्या त्या तीन दिवसांत तुम्ही २ कोटी ८० लाखांच्या तोडीचं बांधकाम पाडलंत. चेल्लानमचा समुद्र निराळा, आमचा निराळा, कबूल. दर कमी करून लावा, मी घासाघिशीला तयार आहे. फक्त एक लक्षात असू द्या, टेंब स्वतःची डागडुजी स्वतः करत होता. टेट्रापॉडला मर्यादवेल फुटत नाही.

आता तुमची जमेची बाजू, म्हणजे दृश्य. दृश्याला पैसा पडतो, मी नाही म्हणत नाही. अमेरिकेत तर त्यावर खटला झाला. न्यू जर्सी राज्यात लाँग बीच आयलंड नावाचं चिंचोळं बेट आहे, त्यावर हार्वे सीडर्स हे छोटंसं गाव. तिथे किनाऱ्यावर २२ फूट उंच वाळूचा टेंब घातला. हो, तिकडे घालतात. एका वृद्ध जोडप्याच्या घरातून समुद्र पहिल्यासारखा दिसेना. प्रकरण कोर्टात गेलं आणि ज्यूरीने नुकसानभरपाई ठरवली ३ लाख ७५ हजार डॉलर. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं. त्याच राज्याच्या किनाऱ्यावर थोडं उत्तरेला, मॅन्टोलोकिंगला, समुद्र जमिनीची पट्टी फोडून आरपार मागच्या खाडीला मिळाला. टेंबामागचं हे घर मात्र शाबूत राहिलं. जुलै २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा निकाल रद्द केला. टेंबाने दृश्य किती नेलं हे मोजता, तर त्याने घर किती राखलं हेही ज्यूरीपुढे आलं पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. शेवटी तडजोड झाली ती १ डॉलरला. त्या वेळच्या भावाने साठ-पासष्ट रुपये. तुमच्या कॅफेत तेवढ्यात लिंबूसोडाही येत नाही.

श्रीलंकेत यालाच्या किनाऱ्यावरही एक रिसॉर्ट होतं. समोरच्या वाळूच्या टेकड्यांचा काही भाग त्यांनी काढला होता, कारण तुमचंच, पाहुण्यांना समुद्र नीट दिसावा. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. नंतर पाहणी करायला गेलेल्या आंतरराष्ट्रीय पथकाने नोंदवलं, की शेजारी जिथे टेकड्यांना हात लागला नव्हता तिथे नुकसान थोडं होतं आणि रिसॉर्ट पार उद्ध्वस्त झालं होतं. यावर मी चेष्टा करणार होतो, पण माणसं गेली तिथे. राहू दे.

आमच्याकडे त्सुनामी आली नाही, दिवाळी आली. टेंब काढल्यानंतरची पहिलीच. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीला क्यार वादळ बाहेर खोल समुद्रात होतं, किनाऱ्यावर चढलंही नाही, नुसतं उधाण पाठवलं. टेंब डावीकडे होता, उजवीकडे होता. मध्ये तुमचा ६० मीटरचा दरवाजा. पाणी शहाणं असतं, भिंतीवर डोकं आपटत बसत नाही. ते तुमच्या लॉनवरून, त्या दगडी बुद्धाच्या दोन्ही बाजूंनी, मागच्या उतारावर आलं आणि तिथून आमच्या माडांच्या आळ्यांत. नरकचतुर्दशीला आम्ही दारातल्या रांगोळीऐवजी माडांच्या बुंध्यातली शेवाळं काढत होतो. तुमच्या पाहुण्यांनी व्हिडिओ काढले. एकीने माझ्या बायकोला विचारलं, ‘आंटी, हे रोज होतं का?’ पुढे १६ मे २०२१ ला तौक्ते आमच्या समोरून वर गेलं तेव्हा दरवाजा रुंद झाला होता. कापलेल्या टेंबाची उघडी टोकं कोसळत जातात, त्यांना धरायला मुळं नसतात. ६० चे ९० मीटर झाले. जादा ३० मीटरांचे पैसे मी लावलेले नाहीत, कारण ती वाळू समुद्राने नेली. दरवाजा कोणी उघडला हा प्रश्न बाजूला ठेवू.

विहिरीचं मात्र लावणार आहे. आमची विहीर टेंबापासून शे-सव्वाशे पावलांवर. समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी कसं, असं पूर्वी शहरातले पाहुणे विचारायचे आणि आम्ही देवाचं नाव घ्यायचो. देव म्हणजे टेंबच. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं हलकं, खारं जड. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी जेवढे फूट उभं असतं, त्याच्या साधारण चाळीस पट ते खाली पसरलेलं असतं. हा नियम एकोणिसाव्या शतकातच पुस्तकांत आलेला आहे. उलट वाचा : वरची पातळी एक फूट उतरली की खालून चाळीस फूट खारं वर सरकतं. तुम्ही पाणी जिरवणारा टेंब काढलात आणि शिवाय पोहायचा तलाव भरायला बोअर मारलीत. डच लोकांनी १८५३ पासून ॲमस्टरडॅम शहराला किनाऱ्यावरच्या टेकड्यांतलं पाणी पाजलं. आमच्या विहिरीने आजवर पाच घरं पाजली. गेल्या तीन वैशाखांत तिचं पाणी मचूळ लागतं. डाळ शिजत नाही, आणि चहाचं तर विचारू नका. टँकरच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.

कायद्याचं मी काढणार नव्हतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. १९ फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेतच सुशोभीकरण, करमणूक असल्या कारणांसाठी वाळूच्या टेकड्यांचं रूप बदलायला मनाई होती. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी तर त्यांना कांदळवनं, प्रवाळ आणि कासवांची अंडी घालायची ठिकाणं यांच्या पंक्तीला, सर्वांत कडक वर्गात बसवलं. तुमच्या नकाशात मात्र टेंबाच्या जागी ‘ओसाड जमीन’ असं लिहिलेलं होतं. अर्जात जे लिहिलं ते नंतर स्वखर्चाने खरं करून दाखवणारा अर्जदार विरळाच.

आणि आता तुमच्या कर्तबगारीचा कळस. तौक्तेनंतर तुम्ही ग्रामपंचायतीत अर्ज दिलात : गावाला समुद्रापासून धोका आहे, तरी धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर व्हावा. खाली सह्या आमच्या. मीही केली, खोटं कशाला बोलू. घरात पाणी शिरलेल्या माणसाला शुद्धलेखन तपासायला वेळ नसतो. बंधारा झाला. काळ्या दगडांची रास. पैसे सरकारचे, म्हणजे तुमचे, माझे आणि त्या तांडेलाचे, ज्याला अजून कळलेलं नाही की त्याला मिळालेले वीस रुपये कशाचे होते. तेव्हापासून तुमच्या तळमजल्यावरच्या सगळ्या ‘सी-व्ह्यू’ खोल्यांतून दगड दिसतात. टेंबापेक्षा बंधारा दोन हातांनी उंच आहे. मी परवा तुमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला भाव विचारला. म्हणाली, ‘सर, सी-फेसिंग आहे.’ तेवढं खरं बोलली. तोंड समुद्राकडेच आहे.

लाट दगडावर आपटून परत फिरते तेव्हा समोरची वाळू खरवडून नेते. त्यामुळे बंधाऱ्यापुढे पुळण उरलेली नाही, भरतीला पाणी थेट दगडाला लागतं. रापण ओढायला आता उत्तरेला अर्धा कोस जावं लागतं, आणि बंधारा जिथे संपतो तिथे दक्षिणेला, म्हणजे तुमच्या शेजारच्या होमस्टेच्या पुढ्यात, समुद्र नव्याने कुरतडायला लागलाय. तो बिचाराही आता बंधाऱ्याच्या अर्जावर सह्या गोळा करतोय. देवबागला जाऊन या एकदा. एका अंगाला कर्ली खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीवरची माणसं पावसाळा कसा काढतात ते बघा. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ पर्यंतचे नकाशे तपासले, तर महाराष्ट्राचा २५.५ टक्के किनारा धुपतोय असं निघालं. त्यातला प्रत्येक मीटर तुम्ही खाल्लेला नाही. बंदरं, खाड्यांतला वाळूउपसा, बंधाऱ्यापुढे बंधारे, असे बरेच पंक्तीला आहेत. तुम्ही फक्त वाढप्याला आधी हाक मारलीत.

बिलाची रक्कम बघून घाबरू नका, हप्ते पाडून देतो. डच लोकांनी २०११ मध्ये हेगजवळ समुद्रात २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकदम नेऊन ओतली, सुमारे ७ कोटी युरो खर्चून, आणि मग वाऱ्याला आणि प्रवाहाला सांगितलं, आता वाटा. तुमच्याकडून एवढी अपेक्षा नाही. लॉनचा समुद्राकडचा वीस मीटरचा पट्टा सोडून द्या, बुद्धाला हलवा. चिव्याच्या काठ्यांचं विरळ कुंपण घाला, हातभर उंचीचं, म्हणजे वारा आत जाईल आणि वाळू ठेवून जाईल. पाहुण्यांना पुळणीवर उतरायला फळ्यांचा साकव करा, वाळू तुडवत जायला नको. बोअर बंद करा. ‘सी-व्ह्यू’चे दोन हजार वरच्या मजल्यावर घ्यायला माझी ना नाही. तिथून बंधाऱ्यावरून थोडा समुद्र अजून दिसतो, मी गच्चीवर जाऊन पाहिलंय. माळी ओळखीचा आहे.

पहिला हप्ता दिवाळीपर्यंत जमा करावा. मुदत ठेव नव्याने उघडायला आमच्याकडे पासबुक लागत नाही.

कळावे,
आपला शेजारी
(निवृत्त कॅशियर)

ता. क. – गेल्या पावसाळ्यात तुमच्या लॉनमध्ये मर्यादवेल शिरली होती. माळ्याने ती उपटून कंपाउंडबाहेर टाकली. वाडीतल्या पोरांनी तिचे तुकडे उचलून, उत्तरेकडे टेंबाचं जे टोक उरलंय त्याच्या पायथ्याशी खोचले. तेवीस तुकडे होते, अकरा जगले. मोठीच्या अंगाशी वीतभर वाळू साचली आहे. तुम्हाला खोलीतून दिसणार नाही, मध्ये दगड येतात.